शेजारी चुलीत रेल्वे रुळाखालचे जुने स्लीपर, सनमायका आणि ठिबकच्या नळ्या जाळतात. सांगावं कसं?

वर्धेकाठची
आमचं घर आणि शेजारच्या काकाजींचं घर यांच्यामध्ये एक सांदी आहे, बैल आडवा वळणार नाही एवढी. त्यांची पाणी तापवायची चूल त्या सांदीच्या तोंडाशी, बरोबर आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीखाली. त्या खोलीत सासूबाई झोपतात. त्यांना दमा आहे. आजवर या चुलीचा त्रास नव्हता. कपाशीची वाळकी पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, बाभळीच्या फांद्या हेच तिच्यात जळायचं, आणि तेवढा धूर आमच्याही घरचा असतोच.

यंदा गोष्ट वेगळी आहे. तालुक्याला एक जुनं गोदाम पाडलं, त्याचं लाकूड काकाजींच्या मोठ्या मुलाने ट्रॉलीभर आणलं. त्यात ऑइलपेंटचे थरावर थर चढलेली कवाडं आहेत, काळ्या तेलाने माखलेल्या चौकटी आहेत, आणि काही जाड चौकोनी ओंडके आहेत ज्यांना डांबरासारखा वास येतो. ते रेल्वेचे जुने स्लीपर आहेत असं तो म्हणतो. धाकटा फर्निचरच्या कामावर जातो, तो रोज पिशवीभर प्लायवूड-सनमायकाचे तुकडे आणतो. आणि राशनचं रॉकेल बंद झाल्यापासून विस्तव पेटवायला ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा!

पहाटे पाच वाजता सुरू होतं. खिडकी लावली तरी फटीतून येतो. सासूबाईंची धाप वाढली आहे, वाळत घातलेल्या वड्यांवर काळे चिकट कण बसतात.

मला भांडायचं नाहीये. माझ्या दोन्ही बाळंतपणांत काकूंनी शेक-शेगडी केली आहे. मला दोनच गोष्टी हव्यात. या धुरात नक्की काय असतं, आणि हे त्यांना न दुखवता सांगायचं कसं?

ठेचा_भाकर
सनमायका जाळून आंघोय! ताई, इतकी ऐश तं आमच्या आमदाराच्या घरी नसन.

पुण्यात_हरवलेला_वऱ्हाडी
सरळ पोलिसांत तक्रार करा. दम्याच्या पेशंटच्या खिडकीखाली प्लास्टिक जाळणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे सगळं 'शेजारधर्म' म्हणून खपवून घेतात आणि मग आयुष्यभर फुप्फुसं सांभाळत बसतात.

कोरडवाहू
पुण्याहून सल्ला देनं सोपं असते भाऊ. पहाटं गोठ्यात जाऊन पाह्य मंग. उज्ज्वलाचं सिलेंडर फुकट भेटलं हे खरं, पन भरून आनाले पैसे लागते का नाही? सबसिडी मागून खात्यात येते, पयले पुरे पैसे मोजा लागते. सा मानसांच्या आंघोयीचं पानी ग्यासवर तापवलं तं सिलेंडर पंधरवडाबी टिकत नाही. तो मानूस शौक म्हनून जाळून राह्यला का? ट्रॉलीभर लाकूड आयतं घरी आलं, कोन सोडीन?

वर्धेकाठची
कोरडवाहू, हे मलाही कळतं. म्हणूनच तर 'कसं सांगू' विचारलं. गॅस त्यांच्याकडे आहे, चहा-स्वयंपाकाला वापरतात.

सुतारकी
चौथी पिढी सुतारकामात आहे, म्हणून वस्तू वेगवेगळी करून सांगतो. सगळ्यांना एका ओळीत उभं करू नका.

स्लीपर: जुन्या लाकडी स्लीपरांपैकी ज्यांना डांबराचा वास येतो त्यांना क्रिओसोट पाजलेलं असतं. क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. दाबाखाली लाकडाच्या आतपर्यंत घालतात, म्हणून वरचा थर तासून काही उपयोग नाही. आमच्याकडे एक तुकडा पडून आहे, अजून मे महिन्याच्या उन्हात काळा घाम सोडतो. रेल्वेने नंतर सिमेंटचे स्लीपर घातले आणि हे भंगारात निघाले. जाळाला जबरदस्त असतात, मान्य. पण ती आग लाकडाइतकीच डांबराचीही असते.

काळं तेल: हे इंजिनातलं जळकं ऑईल. उधळी (वाळवी) लागू नये म्हणून आपल्याकडे चौकटीच्या जमिनीकडच्या भागाला, कुंपणाच्या खुंटाला सर्रास लावतात. मीही लावतो. पण ऑईल लावलेलं लाकूड चुलीत नाही घालायचं, एवढं आमच्या आजोबालाही माहीत होतं.

प्लायवूड, एमडीएफ, सनमायका: चुरा आणि पापुद्रे फॉर्मल्डिहाइडच्या डिंकावर चिकटवलेले असतात. साधं कापतानासुद्धा डोळे चुरचुरतात.

ऑइलपेंट: जुना असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१६ चा, लागू झाला २०१७ च्या शेवटी. गोदामाची कवाडं त्याच्या कितीतरी आधीची असणार.

बुटीबोरीकर
यात एक भर. इकडे एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट जळतणासाठी विकल्या जातात, आसपासच्या गावांत जातात. निर्यातीच्या पॅलेटवर एक शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि बाजूला अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं उष्णता देऊन किडमुक्त केलेलं आहे, ते जाळायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. ते घेऊ नका. आणि शिक्का कुठलाही असो, वर रंग किंवा तेल सांडलेलं असेल तर नकोच.

ठेचा_भाकर
आता सरपन इकत घ्याले पन इंग्रजी वाचा लागते म्हना की.

डॉक्टरीणबाई
ग्रामीण भागात प्रॅक्टिस करते. थोडं लांब लिहिते आहे, चालवून घ्या.

आधी साध्या सरपणाबद्दल. तेही निरुपद्रवी नाही. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि तो मुख्यतः आपल्यासारख्याच चुलींचा, रॉकेलचा धूर आहे. म्हणजे पऱ्हाटी 'चांगली' आणि प्लायवूड 'वाईट' असं नसून, वाईट आणि त्याहून बरंच वाईट असं आहे.

आता तुमचा प्रश्न. ठिबकची बारीक नळी बहुधा पॉलिथिनची असते, ती काळा काजळीचा धूर देते. पण तिच्यासोबत पांढऱ्या-करड्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा गेला तर हायड्रोजन क्लोराइड सुटतं. ते ओल्या श्वासनलिकेत पोचलं की आम्लच. चुलीच्या मंद जाळात डायॉक्सिन नावाची विषारी संयुगंही तयार होतात. प्लाय आणि सनमायकातून फॉर्मल्डिहाइड येतं, ज्याने दमेकऱ्याची श्वासनळी लगेच आवळते. क्रिओसोटच्या धुरात कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं असतात. सासूबाईंना त्या खोलीतून आजच हलवा. शेजाऱ्याचं मन वळायला वेळ लागेल, धाप तेवढं थांबणार नाही. त्यांचा दम्याचा पंप नियमित चालू आहे ना, तेही पाहा.

पण माझा खरा मुद्दा राखेचा आहे, कारण त्याबद्दल इथे कोणी बोललेलं नाही. धूर वाऱ्यावर जातो. राख घरात राहते. शिसं, आर्सेनिक, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कितीही जाळ लावला तरी नष्ट होत नाहीत. ट्रॉलीभर लाकडातला रंग शेवटी टोपलीभर राखेत गोळा होतो. आणि आपल्याकडे राखेचं काय करतात? भांडी घासतात. वांग्यावर मावा पडला की फुंकतात. म्हातारी माणसं दात घासतात. उरलेली उकिरड्यावर, तिथून शेतात.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खेड्यातल्या कुटुंबाची हकीकत १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. घर गरम ठेवायला ते लोक रसायन पाजलेलं लाकूड जाळत. दर हिवाळ्यात सगळं घर आजारी, अंगावर पुरळ, केस गळणं, झटके. उन्हाळा आला की बरे. शेवटी त्यांच्या केसांत, नखांत आणि स्टोव्हच्या राखेत आर्सेनिक सापडलं.

पुण्यात_हरवलेला_वऱ्हाडी
बघा! आणि इथे म्हणतात समजुतीने घ्या.

सुतारकी
डॉक्टरीणबाई, राखेचं शंभर टक्के पटलं, पण एक खुलासा. विस्कॉन्सिनचं लाकूड होतं ते तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण पाजलेलं. (हे मिश्रण आपल्याच डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ साली काढलं. अमेरिकेतल्या कंपन्यांनी घरगुती वापरातून ते २००३ च्या अखेरीस मागे घेतलं.) आपल्याकडे असलं लाकूड खांबांत, कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्ये वापरलं गेलं. नवं असताना हिरवट दिसतं, पुढे करडं पडतं, मग डोळ्याने ओळखू येत नाही. ताईंच्या शेजाऱ्याकडे ते आहे असं वर्णनावरून वाटत नाही. त्यांना जाऊन 'तुमच्या चुलीत आर्सेनिक आहे' सांगाल आणि नंतर ते नाही असं निघालं, तर खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास जाईल.

डॉक्टरीणबाई
मान्य. शिसं आणि डांबर पुरेसं आहे, आर्सेनिकची गरज नाही.

धानपट्टा
गोंदियाकडे आमच्याकडे थंडी तुमच्यापेक्षा कडक. नागपूरचं ३.५ अंश (डिसेंबर २०१८) पेपरात गाजलं, पण विदर्भात सगळ्यात कमी पारा म्हणून आमचं नाव दर वर्षी असतंच. शेकोटीशिवाय सकाळ होत नाही. आणि शेकोटीत काय पडतं म्हणता? टायर. पोरांना मज्जा वाटते, पेटलं की तासभर विझत नाही. बसस्टँडवर उभं राहिलं की नाकपुड्या काळ्या.

बाकी आमच्याकडे राइस मिलचा कोंडा स्वस्त मिळतो, त्याची शेगडी असते. डबा घ्यायचा, मधे बांबू उभा धरून भोवती कोंडा ठासायचा, बांबू काढला की भोक तयार. खालून पेटवला की एक-दोन गुंड पाणी आरामात तापतं. वर्धेकडे कोंडा कुठून आणणार, तो भाग वेगळा.

ताडोबाशेजारी
कोणी जंगलातून सरपण का आणत नाही असं विचारायच्या आधीच सांगते. आमच्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात बाया मोळीला जायला घाबरतात. वाघ. पूर्वी पाच-सहा जणी मिळून जायच्या, आता तेही घरचे जाऊ देत नाहीत. मग हाताशी जे येतं ते चुलीत जातं. कपडे, चपला, औषधांचे खोके. बाईला धूर कळत नाही असं नाही, ती वाघ आणि धूर यातला धूर निवडते.

कोरडवाहू
हे बोलली ना ताई तुमी खरं.

कायद्याचं_बोला
पुण्याच्या मित्रांनी पोलिसांचं काढलं म्हणून कायदा मांडतो. भारतीय न्याय संहिता, कलम २८०: आरोग्याला अपायकारक होईल अशा रीतीने हवा दूषित करणं. शिक्षा? हजार रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंडविधानात हेच कलम २७८ होतं, दंड पाचशे. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजारांचा दंड ठरवला, पण तो कचऱ्याला. 'मी कचरा नाही, सरपण जाळतो' म्हटलं की वाद सुरू. त्यातल्या त्यात दमदार रस्ता म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता कलम १५२, उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्यासाठी अर्ज. तो चालतो, पण तारखा पडता पडता होळी येईल आणि थंडी संपेल.

ग्रामपंचायतीकडे लेखी देता येतं. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्ती मोहिमेची समिती तुमच्या गावात अजून जिवंत असेल तर तिथेही. वकील असून सांगतो, यातलं काहीही करायच्या आधी एकदा चहाला जा.

ठेचा_भाकर
आमच्या गावच्या तंटामुक्ती अध्यक्षाचेच तीन तंटे कोर्टात चालू हायेत.

पुण्यात_हरवलेला_वऱ्हाडी
बरं, पोलीस मागे घेतो. चूल हलवता येत नसेल तर निदान टिनाचं उंच धुराडं लावून द्या, स्वतःच्या खर्चाने. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची मगन चूल निघाली होती, गांधीजींच्या कार्यकर्त्यांच्या काळातली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आपणच विसरलो.

डॉक्टरीणबाई
साध्या सरपणाला धुराडं उत्तम. पण थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच पसरतो. धुराड्याने तो ताईंच्या खिडकीतून पुढच्या आळीत जाईल. आणि राख आहे तिथेच.

चिखलदरा_मिरची
विषय थोडा वेगळा, पण मागच्या रविवारी आमच्या शेजाऱ्यांनी रोडग्याच्या जेवणाला बोलावलं होतं. गोवऱ्या कमी पडल्या म्हणून निखाऱ्यात जुन्या पलंगाच्या पट्ट्या टाकल्या होत्या, निळा रंग दिसत होता. मी चांगले हाणले. हा धागा वाचून पोटात कसंतरी व्हायला लागलंय.

ठेचा_भाकर
रोडगे किती हाणले ते सांगा, मंग ठरवू पोटात काहून होऊन राह्यलं ते.

डॉक्टरीणबाई
एका जेवणाने काही होत नाही, निश्चिंत राहा. पण रोडगे थेट राखेत भाजतात, म्हणून तिथे गोवऱ्याच हव्यात. रंगाचं लाकूड अन्नाखाली कधीच नको.

पऱ्हाटी_पुराण
सगळे पऱ्हाटी पऱ्हाटी करतायत म्हणून एक शंका. कपाशीवर किती फवारे बसतात ते आपल्याला माहीत आहे. २०१७ ला यवतमाळात फवारणीने माणसं दगावली. मग ती पऱ्हाटी चुलीत घालणं तरी कितपत बरं?

कोरडवाहू
फवारा पानावर, बोंडावर बसते. पानं गळून, काडी वावरात उन्हानं वाळून, मंग घरी येते. आमी तीच जाळत आलो. औषधाचा रिकामा डबा चुलीत टाकनं हे मातर येडेपन हाय, त्याच्यात तळाले औषध उरतेच. पऱ्हाटीचा खरा घोळ दुसराच हाय. कृषीवाले म्हंते घराजवळ ढीग लावू नका, त्याच्यात गुलाबी बोंडअळी दबून बसते आन् पुढच्या हंगामात वावरात येते. म्हनून लोकं श्रेडर फिरवून पऱ्हाटी वावरातच बारीक करून राह्यले. मातीले चांगलं. पन मंग चुलीत काय घालाचं, ते कोन सांगत नाही.

वर्धेकाठची
अगदी हेच! काकाजींनी यंदा श्रेडर फिरवला. दर वर्षी सांदीच्या मागे पऱ्हाटीची गंजी असायची, यंदा नाही. आणि नेमकं त्याच वर्षी ते गोदामाचं लाकूड आलं. हे आत्ता तुम्ही लिहिलंत तेव्हा जुळलं.

बुटीबोरीकर
मग पाण्यासाठी विजेचा रॉड? दीड हजार वॉटचा रॉड अर्धा तास म्हणजे पाऊण युनिट, त्यात बादलीभर पाणी चांगलं कडक होतं.

कोरडवाहू
सा बादल्या म्हंजे साडेचार युनिट रोजचे. आन् पहाटे लाइन असली तं.

गुरांचा_डॉक्टर
सगळा धागा वाचला. ताई, काकाजींकडे जनावरं आहेत का? चुलीची राख कुठे टाकतात?

वर्धेकाठची
बैलजोडी आहे, एक गाय, एक कालवड. राख गोठ्याच्या कडेलाच टाकतात, पाय घसरू नये म्हणून ओल्या जागी पसरतात. का?

गुरांचा_डॉक्टर
कारण गुरं राख चाटतात. तिच्यातल्या क्षाराची त्यांना ओढ असते, विशेषतः मीठ-खनिज मिश्रण मिळत नसेल तर. रसायन पाजलेल्या लाकडाची राख चाटून जनावरं मेल्याची उदाहरणं पशुवैद्यकात जुनी आहेत. आणि जनावरांना शिशाची विषबाधा होते ती मुख्यतः जुना रंग, फुटक्या बॅटऱ्या आणि जळकं ऑईल यातून. म्हणजे तुमच्या यादीतल्या दोन वस्तू. लक्षणं सांगतो: जनावर दात खातं, त्याला दिसेनासं होतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, झटके येतात. लहान वासरू आधी जातं. त्या वेळी मला बोलावून फारसा उपयोग नसतो.

माझा अनुभव असा की माणसाच्या खोकल्याबद्दल सांगितलं तर लोक 'थंडी आहे, होतो' म्हणतात. कालवडीबद्दल सांगितलं की उठून राख भरायला लागतात. तुम्ही सासूबाईंचं नाव न काढता गोठ्यातून सुरुवात करा. त्यात खोटं काही नाही, आणि 'तुमचा आम्हाला त्रास होतो' हे वाक्यच लागत नाही.

पुण्यात_हरवलेला_वऱ्हाडी
म्हणजे म्हातारीच्या दम्यापेक्षा कालवडीची किंमत जास्त?

ताडोबाशेजारी
किमतीचा प्रश्न नाही हो. दम्याचं बोललं की तो आरोप होतो, कालवडीचं बोललं की काळजी. तुमच्या सोसायटीत पार्किंगबद्दल चिठ्ठी कशी लिहिता तेवढंच.

संचालक
पुणे विरुद्ध गाव असा नवा धागा हवा असेल तर वेगळा काढावा. इथे विषयाला धरून लिहा.

ठेचा_भाकर
संचालक महोदय, रोडग्याचा धागा काहाळला तं चालन का?

वर्धेकाठची
गेले होते. लिहिते.

काकू अंगणात गहू निवडत होत्या, त्यांच्याजवळ बसले. आधी कालवडीची चौकशी केली, मग राखेचं सांगितलं, डॉक्टरसाहेबांनी लिहिलं तसंच. काकूंनी लगेच काकाजींना हाक मारली. काकाजी म्हणाले, "पेंट तं जळून जाते, राखीत कुठचा राह्यते?" मी म्हटलं, कवाडाचा लोखंडी खिळा जळतो का चुलीत? तसंच शिसं. त्यावर ते गप्प बसले, पण पटलं असं वाटलं नाही. धाकटा मुलगा मात्र म्हणाला की प्लाय कापताना त्याचेही डोळे झोंबतात, तो तुकडे आणणं बंद करेल. मोठा चिडला. त्याने त्या लाकडाला पैसे मोजलेत. "आता काय फेकून देऊ?"

निघताना काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आईची धाप वाढली ना बाई? मले रात्री खोकला आयकू येते." म्हणजे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून नळीचा वास नाही. स्लीपर अजून जळतोय. सासूबाईंना पुढच्या खोलीत हलवलं आहे, पंप तालुक्याच्या डॉक्टरांनी बदलून दिला.

सुतारकी
मोठ्याला सांगा, फेकायचं नाही. गोदामाच्या कवाडांत सागवान असेल तर ते जाळणं म्हणजे नोटा जाळणं आहे. रंग रंध्याने किंवा घासकागदाने काढू नका, त्याची धूळ घातक. जशीच्या तशी जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला विका, जुनी सागवानी कवाडं ते हसत घेतात. एखाद्या फळीचा रंग नसलेला कापलेला भाग पाहिला की सागवान आहे का ते कळेल, फोटो टाका. स्लीपर धुऱ्यावर (शेताच्या हद्दीवर) कुंपणाला किंवा पाण्याच्या वाटेवर बांध घालायला वापरता येतील.

वर्धेकाठची
त्यांनी स्लीपर गोठ्याला खांब म्हणून उभे करायचं मनात आणलं आहे.

गुरांचा_डॉक्टर
नको! गुरं खांबाला अंग घासतात आणि चाटतातही. क्रिओसोटने कातडी भाजते. धुऱ्यावर ठीक, गोठ्यात आणि विहिरीच्या काठाला नाही.

धानपट्टा
आणि चुलीचं काय? लाकूड विकलं तरी आंघोळीचं पाणी तापायचं आहेच. मोठ्याला चुलीत घालायला काही दिलं नाही तर आठवड्याने परत तेच.

कोरडवाहू
माह्याकडं तुराट्या पडल्या हायेत. तूर निंगाली, आमच्या घरी पुरून उरन. आमचं गाव आर्वीच्या अलीकडंच हाय. ताई, व्यनित (खासगी निरोपात) गावाचं नाव धाडा, त्या पोराले ट्रॉली घेऊन ये म्हना. कवाडं इकाले जाईन तवा रिकामी ट्रॉली वापस येतेच ना.

वर्धेकाठची
कोरडवाहू, व्यनि केला. फोटोही टाकले आहेत, सुतारकी पाहा. एक राहिलं. आधीची राख उकिरड्यावर गेली आहे, महिनाभराची. तिचं काय?

डॉक्टरीणबाई
दिसते तेवढी वरची खोऱ्याने काढून घ्या, काढताना पाणी शिंपडा म्हणजे उडणार नाही, नाका-तोंडाला फडकं बांधा. विहीर, हातपंप आणि भाजीच्या वाफ्यापासून लांब, पाणी साचत नाही अशा जागी खड्डा करून पुरा, वर माती. त्या उकिरड्याचं खत यंदा पालेभाजीला, कांद्याला घालू नका. आणि काकूंना भांडी घासायला साबण द्या. ही राख नको.

सुतारकी
फोटो पाहिले. दोन कवाडं सागाची आहेत, बाकी सालवृक्षाच्या लाकडाची. चौकटी कशाच्या ते ऑईलमुळे दिसत नाही. सागाची आधी विका.

बुटीबोरीकर
आणि ठिबकच्या जुन्या नळ्या पेटवायला नका वापरू, भंगारवाला किलोवर घेतो. वितळवून परत दाणा करतात त्याचा.

ठेचा_भाकर
आँ? माह्या धुऱ्यावर दोन एकराच्या पडल्या हायेत. काय भाव चालू हाय?

बुटीबोरीकर
माती झटकून, गुंडाळून वजन करा आधी. मग सांगतो.